दोन सूत

रास्ता पेठेत, पॉवर हाउसच्या मागच्या बोळात
माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
आडनाव तांबोळी. ते पानाचं आहे, तांब्याचं नाही,
हे सांगणं आता सोडून दिलंय.
बत्तीस वर्षं तार गुंडाळतोय,
आणि मयुरी पासलकर नावाची मुलगी येऊन म्हणते,
काका, तारेशिवाय वीज न्यायचीय,
त्यासाठी तार द्या.

मी हसलो. तीही हसली, पण कागद उलगडलाच.
दोन कॉइल, वीतभर व्यास, बारा वेढे,
वेढ्याला वेढा चिकटता कामा नये.
"मध्ये काय?"
"काही नाही."
"काही नाही म्हणजे?"
"हवा."

तिचं गाव पानशेतच्या पलीकडे, डोंगराच्या पोटात.
वळवात तिथले खांब आडवे होतात,
उभे राहायला दिवाळी उजाडते.
तिला एक कॉइल इथे ठेवायची होती,
एक तिथे, शाळेच्या पत्र्यावर.
मधलं धरण, रान, खिंड सगळं जिथल्या तिथे.

कसं? तर तिने फळीवरच्या पेल्यांकडे बोट केलं.
बाहेर बस थांबून घरघरत होती
आणि सहा पेल्यांतला एकच थरथरत होता, रोजच्यासारखा.
"त्याला कुणी हात लावला?
बसचा सूर तोच त्याचा. बाकीच्यांचा नाही."
आणि मी मेला इतकी वर्षं
त्याच्याखाली कागदाची घडी सारतोय, गप्प बस म्हणून.

शनिवारी शटर अर्धं ओढून लावलं.
एका कॉइलला वीज, दुसरीला दिवा.
चार बोटांवर लख्ख.
मी मध्ये हात घातला. ना झटका, ना ऊब.
वडील इथेच लाइनमन होते,
डावा हात कोपरापर्यंतच घेऊन रिटायर झाले.
त्यांना दाखवायला हवं होतं.
वीतभर सरकवली, दिवा पिवळटला.
हातभर, काजवा.
दोन हातांवर नुसते आम्हीच, अंधारात.
जरा तिरकी धरली तरी रुसायची.
तिने वहीत लिहिलं, हातभरावर शंभरातले अकरा पोचले.
"बाकीचे?"
"कॉइल तापण्यात गेले. थोडे तुमच्या शटरने खाल्ले."
"आणि त्यांचं बिल?"
ती काही बोलली नाही.
पानशेत चाळीस किलोमीटर.
तार जड, महाग, माणूस मारते,
पण तुटली तर कुठे तुटली ते सांगते.

तेवढ्यात जेवायला बोलवायला वरून नातू आला.
इझान, सहा वर्षांचा.
कानामागे यंत्र, जरा वर केसांत गोल चकती.
ऑपरेशनला रिक्षा विकली होती.
रोज सकाळी ती चकती मीच लावतो,
चुंबक आहे, टक् करून बसते.
मी समजत होतो, माइक आहे.

मयुरी त्याच्याकडे बघतच राहिली.
"काका, ही कॉइल आहे. दुसरी कातडीखाली.
आतल्या यंत्राला बॅटरी नाही, वायर नाही.
आवाज आणि वीज, दोन्ही इथूनच आत जातात."
"किती लांब?"
तिने अंगठा आणि बोट जवळ आणलं,
मग आणखी जवळ.
दोन सूत. फार तर तीन.
"काय? काय?" इझान विचारत होता.
आम्हा दोघांना सांगता येईना.

तांब्याचे पैसे घेतले, मजुरी नाही.
जाताना म्हणाली, चाळीस किलोमीटर मी सोडलेले नाहीत.
सोडू नकोस, म्हटलं,
पण खांबाचा अर्जही टाकून ठेव, ऑफिस समोरच आहे,
साडेपाचला खिडकी बंद करतात.

रात्री झोपताना इझान चकती काढतो. टक्.
मग त्याच्यापुरती पेठ बंद.
शेवटची बस येते, खाली दुकानात पेला वाजतो.
घडी मी काढून टाकलीये.